नकाशांची सूची : बांधकामाच्या कागदांची किल्ली

गावात शाळेच्या नव्या खोल्या, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीचे कार्यालय बांधावयाचे ठरले, की चर्चा होते ती निधीची, जागेची आणि ठेकेदाराची. नकाशांची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः इमारत जमिनीवर उभी राहण्यापूर्वी ती कागदावर उभी राहिलेली असते. पाया किती खोल घ्यावयाचा, स्तंभात किती जाडीच्या किती सळया घालावयाच्या, छताचे पाणी कोणत्या बाजूस काढावयाचे, हे सारे नकाशांत दाखविलेले असते. हे नकाशे एक-दोन नसतात. लहानशा इमारतीलाही दहा-बारा लागतात. मोठ्या रुग्णालयाच्या बाबतीत त्यांची संख्या शेकड्यांत जाते. या सर्व नकाशांची जी यादी संचाच्या पहिल्या पानावर दिलेली असते, तिला नकाशांची सूची म्हणतात.

ही सूची म्हणजे केवळ अनुक्रमणिका नव्हे. संचात कोणते नकाशे आहेत, त्यांपैकी प्रत्येकात शेवटची सुधारणा केव्हा झाली आणि कामावर कोणता कागद ग्राह्य धरावयाचा, हे एका दृष्टिक्षेपात सांगणारा तो कागद असतो. सूची बिनचूक नसेल, तर चांगला नकाशाही निरुपयोगी ठरू शकतो. कारण तो नकाशा आहे हेच काम करणाऱ्याला कळत नाही. आता बहुतेक नकाशे संगणकावर तयार होतात आणि सूचीही संगणकच तयार करून देऊ शकतो. तथापि संगणकाला शिस्त माणसानेच लावून द्यावी लागते. ही शिस्त कोणती, आणि अभियंता नसलेल्या सरपंचाने, मुख्याध्यापकाने वा ग्रामपंचायत सदस्याने सूची कशी वाचावी, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बारा नकाशांची शाळा

नंदुरबार जिल्ह्यातील लोणखेडा हे शहाद्यालगतचे गाव. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळे ते परिसरात परिचित आहे. तापीच्या खोऱ्यातील हा भाग काळ्या जमिनीचा. अशा गावात दोन वर्गखोल्यांची एक मजली इमारत बांधावयाची आहे, असे उदाहरणादाखल समजू. तिच्या नकाशांचा संच साधारणपणे असा असेल :

जी-००१ : मुखपृष्ठ, नकाशांची सूची व सर्वसाधारण टिपा
ए-१०१ : जागेचा आराखडा
ए-१०२ : तळमजल्याचा आराखडा
ए-१०३ : छताचा आराखडा व पावसाच्या पाण्याचा उतार
ए-२०१ : चारही बाजूंची दर्शनी चित्रे
ए-३०१ : इमारतीचे उभे छेद
ए-६०१ : दारे-खिडक्यांचा तक्ता
एस-१०१ : पाया व स्तंभांची मांडणी
एस-१०२ : जोत्याच्या तुळया
एस-१०३ : छताचा स्लॅब व त्यातील लोखंड
पी-१०१ : पाणीपुरवठा व सांडपाणी
ई-१०१ : विजेची जोडणी

यातील आद्याक्षर विषय सांगते. ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘ए’ म्हणजे वास्तुरचना, ‘एस’ म्हणजे इमारतीचा सांगाडा, ‘पी’ म्हणजे नळकाम आणि ‘ई’ म्हणजे वीज. त्यापुढील पहिला अंक नकाशाचा प्रकार सांगतो. ० म्हणजे सर्वसाधारण माहिती, १ म्हणजे वरून पाहिलेला आराखडा, २ म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू, ३ म्हणजे छेद, ५ म्हणजे बारीक तपशील आणि ६ म्हणजे तक्ते. शेवटचे दोन अंक त्या प्रकारातील अनुक्रम दाखवितात. ही पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅड मानकातून जगभर पसरली. आपल्याकडे वास्तुरचनेचे व इमारतींचे नकाशे कसे काढावेत याविषयी भारतीय मानक ९६२ आहे. कार्यालयाने कोणती पद्धत स्वीकारावी हा त्याचा प्रश्न. परंतु स्वीकारलेली पद्धत पहिल्या नकाशापासून शेवटच्या नकाशापर्यंत एकच असावी, याला पर्याय नाही.

क्रमांक हाच पत्ता

क्रमांक हा केवळ मोजणीसाठी नसतो, तो पत्ताही असतो, ही कल्पना आपल्या प्रशासनाला नवी नाही. १७६७ साली स्थापन झालेल्या सर्वे ऑफ इंडिया या संस्थेची जुन्या मालिकेतील स्थलदर्शक पत्रके याचे उत्तम उदाहरण होत. चार अंश लांब व चार अंश रुंद अशा भूभागाला एक क्रमांक दिलेला असे. त्याचे सोळा भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरे आणि प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा भाग करून त्यांना अंक देत. या पद्धतीने शहादा शहर ४६ के/६ या पत्रकात येते. पत्रक न उघडताही जाणकाराला कळते की, हा भूभाग ४६ क्रमांकाच्या चौकोनात कोठे आहे आणि त्याच्या शेजारची पत्रके कोणती.

ग्रामपातळीवरही हीच रीत आहे. तलाठ्याचे गाव नमुने आणि ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने क्रमांकानेच ओळखले जातात. गाव नमुना सहा म्हटले की फेरफाराची नोंदवही, हे कोणाला सांगावे लागत नाही. नमुना सात आणि नमुना बारा यांच्या जोडीला तर लोकांनी ‘सात-बारा’ असे नावच देऊन टाकले. कागदाचा क्रमांकच त्याचे नाव व्हावे, एवढी ती पद्धत रुजली. इमारतीच्या नकाशांच्या बाबतीतही हेच साधावयाचे असते. गवंड्याने ‘एस-१०१ दाखवा’ म्हटले, की सर्वांच्या हाती एकच कागद आला पाहिजे.

नकाशांना १ पासून १२ पर्यंत सरळ अनुक्रमांक का देऊ नयेत, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवेल. काम चालू असताना नवा नकाशा जोडावा लागतो, हे त्याचे उत्तर आहे. सरळ क्रमांकांत मध्येच एक नकाशा घातला, तर पुढील सर्व क्रमांक बदलतात. ‘तपशिलासाठी नकाशा क्रमांक ९ पाहा’ अशी टीप दुसऱ्या एखाद्या नकाशावर असेल, तर ती भलत्याच पानाकडे बोट दाखवू लागते. प्रकारवार क्रमांक दिले असता प्रत्येक प्रकारात मोकळी जागा राहते. पायाच्या तपशिलाचा नवा नकाशा काढावा लागला, तर तो एस-५०१ म्हणून आपल्या जागी बसतो आणि इतर कोणालाही हलावे लागत नाही.

अनुरेखकाच्या काळातील यादी

संगणक येण्यापूर्वी आरेखक पेन्सिलीने मूळ नकाशा काढी, अनुरेखक तो शाईने ट्रेसिंगवर उतरवी आणि त्यावरून निळ्या प्रती काढल्या जात. सूची सर्वांत शेवटी हाताने लिहिली जाई. म्हणजे एकच माहिती दोन ठिकाणी लिहिलेली असे : एकदा नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील चौकटीत आणि दुसऱ्यांदा सूचीत. या चौकटीस टायटल ब्लॉक म्हणतात. तीत कामाचे नाव, नकाशाचे नाव, क्रमांक, प्रमाण, दिनांक, सुधारणेचा क्रमांक आणि जबाबदार अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या असतात.

जेथे एक माहिती दोन ठिकाणी लिहावी लागते, तेथे ती केव्हातरी वेगवेगळी होणार, हा दप्तराचा जुना अनुभव आहे. नकाशाचे नाव बदलले पण सूचीत जुनेच राहिले. नकाशा रद्द झाला पण यादीतून वगळला गेला नाही. सुधारणा झाली, मात्र यादीतील दिनांक पहिलाच राहिला. असे दोष कामचुकारपणामुळेच होतात असे नाही. घाईच्या वेळी पन्नास कागदांची पडताळणी हाताने करणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते.

संगणक आला म्हणून हा दोष आपोआप गेला, असेही मानू नये. १९८२ साली ऑटोकॅडची पहिली आवृत्ती निघाली. तेव्हापासून रेषा संगणकावर काढल्या जाऊ लागल्या; परंतु अनेक कार्यालयांत सूची मात्र वेगळ्या तक्त्यात टंकलिखित होत राहिली. लेखणीच्या जागी कळफलक आला, एवढाच फरक पडला. नोंद दोन ठिकाणीच राहिली.

सूची आपोआप कशी तयार होते

खरा बदल झाला तो सूचीची माहिती नकाशांच्या माहितीशी जोडली गेल्यावर. ऑटोकॅडच्या २००५ या आवृत्तीत शीट सेट मॅनेजर नावाची सोय आली. तीत एका कामाचे सर्व नकाशे एका संचात नोंदविले जातात आणि त्या नोंदींवरून सूचीचा तक्ता तयार होतो. हा तक्ता नकाशांत बदल झाल्यावर अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. २००० साली प्रथम निघालेल्या आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीकडे आलेल्या रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये सूची हा वेगळा लिहिण्याचा मजकूर नसतोच. नकाशांची जी माहिती संगणकाच्या स्मरणात आहे, तिच्याकडे पाहण्याची ती एक खिडकी असते. टायटल ब्लॉकमध्ये नाव बदलले, की सूचीत बदलते. सूचीत बदलले, की टायटल ब्लॉकमध्ये बदलते. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीच्या आर्किकॅडमध्येही नकाशांचे विषयवार गट पाडून त्यांना क्रमांक देण्याची आणि त्यावरून सूची काढण्याची व्यवस्था आहे.

पद्धती निरनिराळ्या असल्या तरी तत्त्व एकच आहे : नोंद एकदाच, एकाच ठिकाणी करावी आणि बाकी सर्व ठिकाणी तीच दिसावी. महसूल खात्यातील ई-फेरफार पद्धतीशी याची तुलना करता येईल. पूर्वी फेरफार मंजूर झाल्यावर सात-बारावर तो हाताने उतरवावा लागे. तो उतरविण्याचे राहिले, तर खातेदाराला हेलपाटे पडत. संगणकीकृत पद्धतीत मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर त्याचा अंमल सात-बारावर त्या आधारेच येतो. नकाशांच्या सूचीचे कामही असेच चालावे, अशी अपेक्षा असते.

तथापि येथे चार गोष्टींची काळजी घ्यावी लागते.

पहिली गोष्ट क्रमवारीची. नकाशाचा क्रमांक हा संगणकाच्या दृष्टीने अनेकदा संख्या नसून अक्षरांची ओळ असते. त्यामुळे ए-१, ए-२, ए-१० असे क्रमांक दिले, तर तो ए-१, ए-१०, ए-२ अशी मांडणी करू शकतो. यावर उपाय सोपा आहे. सर्व क्रमांकांत अंकांची संख्या सारखी ठेवावी. ‘१’ ऐवजी ‘००१’ लिहावे.

दुसरी गोष्ट विषयांच्या क्रमाची. इंग्रजी वर्णक्रमाने लावल्यास ए, ई, जी, पी, एस असा क्रम लागतो आणि मुखपृष्ठ तिसऱ्या गटात जाऊन बसते. बांधकामाच्या दृष्टीने आधी सर्वसाधारण माहिती, मग वास्तुरचना, मग सांगाडा, नळकाम आणि वीज असा क्रम हवा. त्यासाठी प्रत्येक नकाशाच्या नोंदीत ‘क्रमस्थान’ असा एक जादा रकाना तयार करतात. जी गटास १, ए गटास २, एस गटास ३ याप्रमाणे अंक भरतात आणि सूची प्रथम या रकान्यानुसार व नंतर नकाशा क्रमांकानुसार लावतात. छापताना हा रकाना दडविता येतो.

तिसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्या नकाशांची. वास्तुविशारद एक, संरचना अभियंता दुसरा आणि विजेचे काम पाहणारा तिसरा, अशी कामाची वाटणी असते. तिघांच्या संगणकीय फाइली वेगळ्या असल्या, तरी ठेकेदाराच्या हाती एकच सूची पडली पाहिजे. रेव्हिटमध्ये याकरिता ‘प्लेसहोल्डर’, म्हणजे जागा राखून ठेवणारी नोंद करता येते. नकाशा दुसऱ्याच्या फाइलीत असला, तरी त्याचे नाव व क्रमांक मुख्य सूचीत दिसतात. अशा नोंदींत मात्र सुधारणेची माहिती आपोआप येत नाही. ती संबंधिताकडून मागवून भरावी लागते. ही जबाबदारी कोणाची, हे कामाच्या आरंभीच ठरवावे.

चौथी गोष्ट वगळण्याची. अभ्यासासाठी काढलेले कच्चे नकाशे सूचीत येऊ नयेत म्हणून प्रत्येक नकाशाच्या नोंदीत ‘सूचीत दाखवावा’ अशी खूण करण्याची सोय असते. ही खूण चुकून काढली गेली, तर नकाशा अस्तित्वात असूनही सूचीत दिसत नाही. याकरिता संच बाहेर पाठविण्यापूर्वी सूचीतील नोंदी आणि प्रत्यक्ष छापलेली पाने यांची संख्या एकदा हाताने मोजून पाहावी. आपल्या उदाहरणात सूचीत बारा नोंदी असतील, तर हाती बारा पाने आलीच पाहिजेत.

पाया बदलतो तेव्हा

सूचीचे खरे महत्त्व कळते ते सुधारणेच्या वेळी. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्या या हालचालीने उथळ पाया उचलला जातो व भिंतींना तडे जातात. म्हणून अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत नेतात; थर फार खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया घेण्याची पद्धतही आहे.

आपल्या उदाहरणातील शाळेच्या जागी चाचणी खड्डा घेतला आणि मुरूम अपेक्षेपेक्षा खोल लागला, असे समजू. संरचना अभियंता पायाची खोली वाढवील. एस-१०१ हा नकाशा बदलेल आणि त्यावर ‘सुधारणा १’ अशी नोंद होईल. एस-५०१ हा तपशिलाचा नवा नकाशा येईल. परंतु पाया आणखी एका ठिकाणी दिसतो, तो म्हणजे ए-३०१ या उभ्या छेदात. तोही बदलावा लागेल. कोणाच्या ध्यानात हे आले नाही, तर एकाच संचातील दोन नकाशे पायाची दोन वेगवेगळी खोली सांगू लागतील. आणि कामावर मुकादमाच्या हाती जुनाच एस-१०१ राहिला, तर कोणाचीही वाईट नियत नसताना पाया उथळ घातला जाईल. पाया मातीखाली जातो, जोते भरले जाते, रंगरंगोटी होते. चूक उघडकीस येते ती काही पावसाळ्यांनंतर, वर्गात मुले बसलेली असताना.

अशा वेळी सूचीत तीन रकाने असणे अत्यावश्यक ठरते : सद्य सुधारणेचा क्रमांक, तिचा दिनांक आणि तिचे थोडक्यात कारण. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणांचा एक तक्ता असतो. त्यात दिनांक व कारण एकदा लिहून ती सुधारणा संबंधित नकाशांना जोडली, की टायटल ब्लॉक व सूची या दोन्ही ठिकाणी ती दिसते. तद्वतच सूचीच्या उजव्या बाजूस वितरणाचे रकाने ठेवण्याची रीतही उपयुक्त आहे. प्रत्येक रकान्यावर एक दिनांक असतो. त्या दिवशी जे नकाशे कामावर पाठविले, त्यांच्यापुढे टिंब दिलेले असते. कोणता कागद केव्हा गेला, याविषयी नंतर वाद राहत नाही.

जुना नकाशा नष्ट करावा काय, असाही प्रश्न विचारला जातो. कामाच्या जागेवरून तो अवश्य काढून घ्यावा. कार्यालयाच्या दप्तरात मात्र त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारून तो जतन करावा. फेरफाराच्या वहीतील जुनी नोंद खोडून टाकीत नाहीत, त्यातलाच हा प्रकार आहे.

कार्यालये बदलतात, इमारत राहते

बांधकाम पूर्ण झाल्यावर नकाशांचे काम संपले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तेव्हा त्यांचे दुसरे आयुष्य सुरू होते. वीस-पंचवीस वर्षांनी छत गळू लागते, वर एक मजला चढविण्याचा विचार पुढे येतो, किंवा शौचालयाची वाहिनी कोठून गेली आहे हे शोधावे लागते. स्तंभात किती लोखंड आहे हे ठाऊक नसेल, तर वर मजला घेता येईल किंवा नाही, हे सांगण्यासाठी तपासणीवर खर्च करावा लागतो. नकाशा असेल, तर निदान सुरुवात कोठून करावयाची ते कळते.

मधल्या काळात कार्यालये मात्र बदललेली असतात. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वी शहादे तालुक्यात बांधलेल्या शाळेच्या कागदांचा उगम धुळे जिल्ह्याच्या दप्तरातला. अधिकारी बदलून जातात, विभागांची पुनर्रचना होते, कपाटे हलतात. अशा प्रत्येक हस्तांतरात कागदाबरोबर त्याची सूची गेली, तर काय आले आणि काय राहिले ते समजते. सूची नसेल, तर हरवलेल्या कागदाची उणीवही जाणवत नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या कागदांचा अभ्यास दप्तराबाहेरच्या वाचकांनाही शक्य झाला. कागद जपणे आणि कागद सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून दिसते. संगणकीय फाइलींना हे अधिकच लागू पडते. त्या रुमालाइतकी जागा व्यापत नाहीत, म्हणून त्या नजरेआड होतात; सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, की काही वेळा त्या उघडतही नाहीत. म्हणून अंतिम संच मूळ फाइलींबरोबरच दीर्घकाळ जतनासाठी २००५ साली मानक म्हणून मान्य झालेल्या पीडीएफ-ए या स्वरूपातही ठेवावा. प्रत्येक फाइलीच्या नावाचा आरंभ नकाशाच्या क्रमांकाने करावा. म्हणजे संगणकाच्या कप्प्यातही त्या सूचीच्या बऱ्याच अंशी जवळपास राहतील. ‘अंतिम’, ‘नवा अंतिम’, ‘खरा अंतिम’ अशी नावे देण्याचा मोह टाळावा.

याला कायद्याचाही आधार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित करून ठेवावयाचे आहेत. त्याच अधिनियमाने नागरिकास कामाची व अभिलेखांची पाहणी करण्याचा अधिकार दिला आहे. नकाशांची व्यवस्थित सूची ठेवणे हे अशा प्रकारे कार्यालयीन सोयीपुरते मर्यादित राहत नाही, ते कर्तव्य ठरते.

गावाने काय पाहावे

सरपंच, मुख्याध्यापक किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांनी नकाशे काढावयाचे नाहीत, की अभियंत्याच्या गणितात लक्ष घालावयाचे नाही. तथापि पुढील गोष्टी त्यांना सहज पाहता येतील.

काम सुरू होताना नकाशांच्या संचाची एक प्रत आणि तिची सूची मागून घ्यावी. सूचीतील नोंदी व पाने मोजून पाहावीत. कामाच्या जागेवर जो नकाशा वापरला जात आहे, त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील सुधारणेचा क्रमांक सूचीतील क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसल्यास काम पुढे जाण्यापूर्वी ही बाब कनिष्ठ अभियंत्याच्या निदर्शनास आणावी.

छापील प्रतीचा आकारही पाहावा. नकाशा ए-१ आकाराच्या, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरच्या कागदासाठी तयार केलेला असेल आणि तो ए-३ कागदावर लहान करून छापला असेल, तर त्यातील सर्व अंतरे निम्मी होतात. एकास शंभर हे प्रमाण मग एकास दोनशे होते. अशा प्रतीवर पट्टी ठेवून माप घेणे धोक्याचे असते. लिहिलेले आकडेच प्रमाण मानावेत. सूचीत कागदाच्या आकाराचा रकाना असल्यास ही चूक टळते.

काम पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष जसे बांधले तसे दाखविणारा अंतिम संच व त्याची अद्ययावत सूची मागून घ्यावी. त्यातील एक प्रत शाळेच्या दप्तरात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी. मुख्याध्यापक बदलून गेल्यास कार्यभार सोपविताना इतर नोंदवह्यांबरोबर या संचाचीही नोंद करावी.

ज्या लहान कार्यालयांकडे महागडे सॉफ्टवेअर नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. संगणकावरील साध्या तक्त्यात क्रमांक, नाव, आकार, सुधारणा, दिनांक आणि कारण असे सहा रकाने केले, तो तक्ता सांभाळण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर सोपविली आणि त्यात नोंद झाल्याखेरीज कोणताही नकाशा बाहेर जाणार नाही असा नियम घातला, तरी बरेच कार्य साधते. यंत्राने काम हलके होते, परंतु सूची खरी राहते ती या नियमामुळेच.

दोन खोल्यांच्या शाळेची सूची पानभराचीही नसते. ती वाचावयास पाच मिनिटे पुरतात. मात्र त्या पाच मिनिटांत पाया कोणत्या नकाशाप्रमाणे घातला जात आहे, हे गावाला कळते; आणि पाया एकदा मातीने झाकला गेला, म्हणजे तेच जाणून घेण्यासाठी जमीन खणावी लागते.